उसने डोंग

व्हिएतनाममधल्या निन्ह बिन्हच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं, आणि खजिनदार फलाटावरच्या बाकावर बसून पैसे मोजत होता. दोनदा मोजले. तिसऱ्यांदा बटवा उलटा करून झटकला. मग काही न बोलता फोनमध्ये काहीतरी टिपलं आणि सॅक पाठीवर घेतली. दहा-अकरा रात्री एकत्र काढल्या की कोण कधी काही न बोलता सॅक उचलतं, ते कळायला लागतं.

खजिनदार हे त्याचं हॉस्टेलातलं नाव. सांगलीला शिकत होतो तेव्हा गणपतीच्या वर्गणीचा हिशोब त्याच्याकडे असायचा, आणि विसर्जनानंतर उरलेल्या सव्वीस रुपयांचं काय करायचं यावर त्यानं रीतसर बैठक बोलावली होती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक सहलीत पैसे त्याच्याकडे. उरलेल्यांत मी, सहा फूट एक इंच उंचीचा बारक्या आणि डॉक्टर. डॉक्टर खरी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण क्रोसिनपासून हिंगाच्या गोळ्यांपर्यंत सगळं तिच्या डब्यात सापडतं.

निघताना ठरलं होतं टीटीएमएम. सायगावात दुसऱ्याच दिवशी तो बेत बारगळला. टॅक्सी एकानं, जेवण दुसऱ्यानं, नारळपाणी तिसऱ्यानं, आणि सगळे आकडे तिथल्या चलनात, डोंगात, म्हणजे लाखांत. मग खजिनदारानं आजीचा जुना कापडी बटवा काढला. प्रत्येकानं त्यात दहा लाख टाकायचे, संपले की पुन्हा टाकायचे. आयुष्यात पहिल्यांदा दहा लाख रोख मोजून कुणाच्या हातात ठेवले, आणि त्यांचे रुपये झाले तेहतीसशे. तीन शून्यं उडवायची आणि उरलेल्याला साडेतीननं गुणायचं, जरा कमीच येतं. या पाढ्यावर आमचा अख्खा प्रवास चालला.

आता शेवटचे पाच दिवस राहिले होते आणि पाढा उलटा म्हणायची वेळ आली होती. कारण डोंगला परत आल्यावर आपल्याकडे कुणी दारात उभं करत नाही. उरले तर कागद. कमी पडले तर पुन्हा एटीएम, पुन्हा त्याचं शुल्क. तेव्हा बटवा बरोबर चोवीस नोव्हेंबरला, विमानाच्या दारात, रिकामा व्हायला हवा होता. खजिनदाराला असं गणित मिळालं की तो खुलतो. पण फलाटावर तो खुललेला दिसत नव्हता.

होमस्टेच्या वायफायवर हिशोबाचं ॲप उघडलं तेव्हा कळलं. बाकीच्या सगळ्या नोंदी इंग्रजीत, आणि शेवटची एकच मराठीत: ‘चूक – ४,८०,०००’.

आदल्या संध्याकाळी हुएच्या स्टेशनाबाहेर पाऊस लागला होता. त्या वेळी बटवा माझ्याकडे होता. एका बाईकडून मी उकडलेली कणसं घेतली, वीस हजार झाले, मी निळी नोट दिली. व्हिएतनाममध्ये वीस हजारांची नोट निळी असते, आणि पाच लाखांचीही निळीच. दोन्हींवर हो ची मिन्ह, दोन्ही प्लास्टिकच्या. शेजारी ठेवून पाहिल्या तर एक थोडी मोठी आहे, रंगही अगदी तोच नाही. पण पावसात, पोंचो घालून, गाडी सुटायला दहा मिनिटं असताना नोटा शेजारी ठेवून कोण पाहतं? त्या बाईनंही पाहिली नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. कणसं मात्र गोड होती.

सोळाशे रुपये. पुण्यात एका शनिवारी याहून जास्त उडतात. पण तो शब्द. त्यानं ‘मका’ लिहिलं असतं, ‘नुकसान’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. ‘चूक’ म्हणजे कुणाची तरी असते ना. मी माझ्या पाकिटातून चार लाख ऐंशी हजार मोजले आणि बटव्यात टाकले. अशी पदरमोड करताना समोरच्यानं ‘अगं, राहू दे’ म्हणावं अशी अपेक्षा असते. तो म्हणाला, “ठेव.”

मग ताम कॉकच्या होड्या. तिथे एका होडीत दोघंच बसवतात, त्यामुळे आमच्या भांडणाची आपोआप सोय झाली. मी आणि बारक्या एका होडीत, खजिनदार आणि डॉक्टर दुसऱ्या. वल्हवणाऱ्या बाई मागे रेलून बसतात आणि वल्ही पायांनी मारतात, सायकल चालवल्यासारखी, हात मोकळे. आमच्या बाईंनी त्या मोकळ्या हातांनी पूर्ण वेळ फोनवर कुणाशी तरी गप्पा मारल्या. दोन्ही बाजूंना चुनखडीचे सुळके पाण्यातून सरळ वर आलेले, भात केव्हाच कापून झालेलं, नुसती खुंटं आणि बगळे. नदी डोंगराच्या पोटातून जाते, अशा तीन गुहा. गुहेत शिरलं की छत इतकं खाली येतं की बारक्याला गुडघ्यात मान घालावी लागत होती. अंधारात मागून खजिनदाराचा आवाज आला, “बारक्या, डोकं!” मला नाही, बारक्याला. पण आवाज नेहमीचा होता.

त्या गावात आम्ही एका घरगुती होमस्टेमध्ये दोन रात्री राहिलो. मालकीणबाईंनी पासपोर्टच्या आधी वयं विचारली. व्हिएतनामीत समोरच्याला काय म्हणायचं ते वयावर ठरतं. मोठी असेल तर ‘ची’, मोठा असेल तर ‘आन्ह’, धाकटं कुणीही ‘एम’. वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही म्हणा ना. आपलं दादा-ताईचं प्रकरण, फक्त जास्त कडक. चौघांत मी सर्वांत मोठी निघाले, खजिनदाराहून चार महिन्यांनी. सोळा वर्षांच्या मैत्रीत हे कधी कुणी मोजलं नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवून “एम” म्हटलं, माझ्याकडे दाखवून “ची”. बारक्या इतका हसला की चहा सांडला.

वीस तारखेला महाराष्ट्रात मतदान होतं. तिकिटं आम्ही ऑगस्टमध्ये काढली होती आणि विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या पंधरा ऑक्टोबरला, हे आम्ही येताना प्रत्येकाला सांगून आलो होतो. तरी सकाळपासून फोनवर शाई लावलेली बोटं यायला लागली. आईचं बोट, सोसायटीतल्या काकांचं बोट, नव्वदीच्या आजीचं व्हीलचेअरवरून वर केलेलं बोट. खजिनदाराच्या वडिलांनी काही न लिहिता नुसतं बोट पाठवलं. तो ते बराच वेळ पाहत राहिला. मग हांग मुआ टेकडीच्या जवळपास पाचशे पायऱ्या तो आमच्या कुणाच्याही आधी चढून गेला आणि वर दगडी ड्रॅगनच्या शेजारी एकटाच बसला. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा म्हणाला, “सिंहगडाला हे असं जिने करून ठेवतील एक दिवस.” यावर बोलायला कुणातच दम नव्हता.

तिथून हनोई बसनं दोन तास. राजा ली थाय तो यानं १०१० मध्ये याच बाजूच्या होआ लू गावातून राजधानी उचलली आणि तिकडे नेली. डोंगरांच्या कुशीतून मोकळ्या मैदानात. आम्ही त्याच वाटेनं गेलो, डुलक्या काढत. बारक्या खिडकीशी बसून प्रवासातले उपास आठवत होता. त्याचं घर माळकरी. स्वतःच्या गळ्यात माळ नसली तरी कार्तिकी तो सोडत नाही, आणि त्या वर्षीची कार्तिकी एकादशी दा लातला आली होती. दा लात हे थंड हवेचं गाव, तिथे संध्याकाळी रस्तोरस्ती निखाऱ्यावर रताळी भाजत बसलेल्या बायका. “विठोबानं सोय केली,” असं म्हणून त्यानं तीन खाल्ली होती. दोन दिवसांनी होई आनला चतुर्दशीच्या रात्री जुन्या गावातले दिवे मालवून नदीत कंदील सोडत होते, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमा. पौर्णिमेला नि अमावास्येनंतरच्या पहिल्या तिथीला तिथले बौद्ध लोक शाकाहार पाळतात. ‘चाय’ लिहिलेली पाटी दिसली की चहा नव्हे, शाकाहारी जेवण. हे कळेपर्यंत बारक्यानं एका ठिकाणी दोनदा चहा मागून नुसता भात खाल्ला होता.

हनोईला जुन्या पेठेत होस्टेल, आठ बंकांची खोली, तिसऱ्या मजल्यावर. शुक्रवार संध्याकाळपासून होआन कीम तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात. एरवी ज्या शहरात रस्ता ओलांडायचा म्हणजे डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन, एका चालीनं चालत राहायचं, तिथे अचानक रस्त्याच्या मधोमध पोरं खेळण्यातल्या गाड्या चालवत होती. तरुण मुलं पायानं शटलकॉक उडवत होती. सप्टेंबरच्या यागी वादळात शहरातली हजारो झाडं पडली होती. काही पुन्हा उभी करून टेकू दिलेली दिसत होती, हात गळ्यात बांधलेल्या माणसासारखी.

तळ्याच्या काठी डॉक्टरनं फोनवरून गोष्ट वाचून दाखवली. ले लोई नावाच्या सरदाराला दैवी तलवार मिळाली, तिच्या बळावर दहा वर्षं लढून त्यानं चीनच्या मिंगांना हाकललं, १४२८ मध्ये तो राजा झाला. मग एकदा या तळ्यात नौकेतून फिरताना पाण्यातून कासव वर आलं आणि म्हणालं, तलवार परत कर. त्यानं दिली. होआन कीम म्हणजे परत केलेली तलवार.

“परत मागितली?” बारक्या म्हणाला.

आमच्या चौघांच्याही डोक्यात तेच आलं असणार. भवानीमाता महाराजांना तलवार देते हे चित्र आमच्या शाळेच्या हॉलमध्ये होतं, बारक्याच्या घरी कॅलेंडरवर होतं. त्यात देवी तलवार देते आणि चित्र तिथे संपतं. ती नंतर परत मागायला येईल असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

“बरोबर आहे की,” खजिनदार म्हणाला. “राजाचं काम झालं होतं. काम झालं की उसनी वस्तू परत करायची असते.” आणि त्यानं बारक्याकडे पाहिलं, ज्याच्याकडे सायगावपासून खजिनदाराचा चार्जर होता.

बारक्यानं चार्जर काढला. दोन्ही हातांवर आडवा धरून, एक गुडघा टेकवून दिला. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग ते सुरूच झालं. डॉक्टरचे कानातले इअरफोन माझ्याकडे होते. माझा पोंचो बारक्याकडे, फाटलेला. बारक्याचे मोजे, सांगायला लाज वाटते, मीच दा लातच्या थंडीत घातले होते ते. पंधरा दिवसांत सामानाची इतकी सरमिसळ झाली होती की आपलं काय नि दुसऱ्याचं काय हे सॅक रिकामी केल्याशिवाय कळणार नव्हतं.

त्या तळ्यातली शेवटची महाकाय कासवीण जानेवारी २०१६ मध्ये मेली. दुसऱ्या दिवशी लाल लाकडी पूल ओलांडून न्गॉक सॉन देवळात गेलो तेव्हा काचेच्या पेट्यांत दोन कासवं पाहिली. एक ती, एक १९६७ मध्ये गेलेलं. त्या जातीची आता जगात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीही नाहीत. लोक पेटीपुढे हात जोडत होते. बारक्यानंही जोडले. मी काचेतून त्या म्हाताऱ्या मऊ पाठीकडे पाहत राहिले, आणि खरं सांगायचं तर थोडी दचकले. गोष्टीतलं कासव एवढं खरं असेल असं वाटलं नव्हतं.

पण त्या शनिवारची सकाळ त्याआधी, सहा वाजता, लाँग बिएन पुलावर सुरू झाली होती. झोप येत नव्हती म्हणून मी एकटीच उठले. खाली आले तर पायऱ्यांवर खजिनदार बुटाची नाडी बांधत होता. दोघांनाही टाळता येण्यासारखं नव्हतं. चालत गेलो.

हा पूल फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये बांधला, साधारण पावणेदोन किलोमीटर, मधून रेल्वेचा एकच रूळ आणि दोन्ही कडांना दुचाक्या. अमेरिकन विमानांनी तो पुन्हापुन्हा पाडला, यांनी पुन्हापुन्हा जोडला. म्हणून काही कमानी मूळच्या, नक्षीदार, आणि मधे बरंच अंतर नुसत्या सपाट गर्डरांचं, दात पडलेल्या जबड्यासारखं. खाली लाल नदी, नावाप्रमाणेच गढूळ तांबडी. मधल्या बेटावर केळीच्या बागा. स्कूटरवर फुलं, कोंबड्या, एकीवर आख्खं कपाट.

निम्म्या वाटेवर खजिनदार थांबला. “तुला काही वेगळं वाटतंय?”

मला दोन मिनिटांपासून वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. गाड्या डावीकडून चालल्या होत्या. साऱ्या देशात वाहतूक उजवीकडून, आणि या एका पुलावर डावीकडून, आपल्यासारखी. दोन आठवडे रस्ता ओलांडताना चुकीच्या दिशेला पाहणारे आम्ही, इथे पहिल्यांदा बरोबर दिशेला पाहत होतो. “घरी आल्यासारखं वाटतंय,” मी म्हटलं.

“घरी हॉर्न जास्त असतात,” तो म्हणाला. मग कठड्याला टेकून, नदीकडे बघत: “मक्याचं मी जरा जास्तच केलं.”

“तू नेहमीच जास्त करतोस.”

“मी नाही केलं तर कोण करणार?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदा वर्षांत चौघांचे नऊ प्रवास झाले, दोघांची लग्नं, एकीचा घटस्फोट, एकाच्या वडिलांचं आजारपण. प्रत्येक वेळी कुणाचे किती निघतात ते यालाच माहीत होतं, आणि कधी विचारायचं नाही तेही. तेवढ्यात पूल थरथरायला लागला. मागून आगगाडी आली, मीटरगेजची, सावकाश, हात लांब केला तर डब्याला लागेल इतक्या जवळून. बोलणं तिथेच राहिलं ते राहिलं.

भारतात आठला मतमोजणी सुरू होणार म्हणजे हनोईत साडेनऊला. अंड्याच्या कॉफीच्या दुकानात आम्ही चौघं चार फोन मांडून बसलो. १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून इथल्या एका बारटेंडरनं अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला, त्यातून हा प्रकार निघाला. बारक्या खाली मान घालून काळी कॉफी पीत होता. बाकी आम्ही तिघं चमच्यानं कॉफी खात होतो, कारण ती पिण्यासारखी नसतेच, कॉफीवर श्रीखंड ठेवल्यासारखी असते. चौघांची मतं चार प्रकारची, त्यामुळे निकालाबद्दल इथे लिहीत नाही. दीड तासानं कुणी कुणाशी बोलत नव्हतं, पण हे वेगळं न बोलणं होतं, हॉस्टेलच्या टीव्ही रूममधलं. तेव्हाच मी ॲप उघडून पाहिलं. ‘चूक’ गेली होती. तिथे लिहिलं होतं ‘मका’, रक्कम चौघांत वाटलेली, आणि माझे जास्तीचे टाकलेले तीन लाख साठ हजार मला येणे.

त्या रात्री बिया होयच्या ठेल्यावर बसलो. पिंपातून रोजच्या रोज ताजी ओतलेली हलकी बिअर, आणि गुडघे हनुवटीला लागतील एवढी प्लास्टिकची स्टुलं. बारक्यासाठी उसाचा रस. डॉक्टरनं सॅकच्या तळातून दिवाळीचा शेवटचा ऐवज काढला: पिशवीभर चिवडा, पार भुगा झालेला, आणि एक चपटा बेसनलाडू. आठ तारखेला निघताना प्रत्येकाच्या आईनं वेगवेगळा फराळ दिला होता, आता कुणाचं काय ते ओळखू येत नव्हतं. शेजारच्या टेबलावर चार म्हातारे होते, आमच्याच संख्येचे, आमच्याहून जोरात भांडत. आम्ही चिवडा पुढे केला. त्यांनी एकेक चिमूट घेऊन बराच विचार केला. एकानं त्यातला कढीपत्ता काढून नीट टेबलावर ठेवला, अगदी माझे बाबा ठेवतात तसा. मग त्यांनी त्यांचे शेंगदाणे आमच्याकडे सरकवले. लाडवाचे चार भाग खजिनदारानं केले. सुरीनं.

रविवारी नोई बायला जाणारी ८६ नंबरची नारिंगी बस, माणशी पंचेचाळीस हजार. त्याचे एक लाख ऐंशी हजार त्यानं तीन दिवसांपूर्वीच वेगळ्या कप्प्यात ठेवले होते. विमानतळावर बटवा उलटा केला तेव्हा बाहेर आले सदतीस हजार: एक वीसची, एक दहाची, एक पाचची, एक दोनची. चार नोटा, चार माणसं. कॉफी एक पण येत नव्हती त्यात. खजिनदार हळहळला, शून्य यायला हवं होतं.

“वयाप्रमाणे वाटा,” बारक्या म्हणाला. “ताम कॉकच्या बाईंच्या नियमानं.”

म्हणून वीस हजारांची मला आली. निळी. मागच्या बाजूला होई आनचा छपराचा पूल, जो दुरुस्तीनंतर ऑगस्टमध्येच पुन्हा उघडला होता आणि ज्याच्या पुढ्यात आम्ही चौघांचा एकही धड फोटो काढू शकलो नव्हतो, कारण प्रत्येकात कुणाचे तरी डोळे मिटलेले. दोन हजारांची बारक्याला. आपण सर्वांत लहान आहोत हे त्याला त्या दिवशी फार लागलं.

मुंबईत उतरलो ते मध्यरात्रीनंतर. पुण्याच्या टॅक्सीच्या रांगेत उभे असताना फोन वाजला. प्रत्येकाच्या वाट्याला नऊ हजार दोनशे पन्नास यायला हवे होते, मला वीस हजार मिळाले होते. सबब माझ्याकडून दहा हजार सातशे पन्नास डोंग येणे. खजिनदार तीन माणसं सोडून पुढे उभा होता, मागे वळूनही न पाहता.

छत्तीस रुपये होतात. ॲप दर महिन्याच्या एक तारखेला आठवण करून देतं. त्यानं अजून मागितले नाहीत, आणि मी दिलेले नाहीत.